एका निरीची कुळकथा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादिकाबाईंचा निरोप आला तेव्हा मी त्यांना विचारले, "कशावर लिहू?" त्या म्हणाल्या, "तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवीत होता. आपल्या शिवणवर्गालाही इंग्रजी शब्द शिकवायला येत होता. त्यावर लिहा." त्यांनी विषय सहज सुचवला, पण मला तो सहज घेता येईना. त्या शिवणवर्गातील एका शब्दाचे देणे पस्तीस वर्षे माझ्या अंगावर आहे. ते या निमित्ताने फेडावे असे ठरवून लिहावयास बसले आहे.

शब्द अगदी रोजचा आहे : प्लीट. शाळेच्या गणवेशाच्या स्कर्टला असतात त्या प्लीट्स. साडीच्या निऱ्यांनाही हल्लीच्या मुली प्लीट्सच म्हणतात. आपल्या मराठीत कापडावरच्या मोडींना पुष्कळ शब्द आहेत. सुरकुती आहे, चुणी आहे, दुमड आहे, घडी आहे, निरी आहे. इंग्रजीतही तसेच. नको असताना पडते ती रिंकल, इस्त्रीची उभी रेघ ती क्रीज, आणि मोजून, मापून, मुद्दाम घातलेली ती प्लीट. आपल्या बोलण्यातही हा भेद आहेच. सुरकुती 'पडते', चुणी 'पडते', परंतु निरी 'घालावी' लागते. निरीमागे कुणाचा तरी हात असतो.

आता त्या देण्याची हकीकत सांगते.

१९९० च्या सुमारास मंडळाचा शिवणवर्ग मागच्या खोलीत भरत असे. दोन पायमशिने, एक हातमशीन, कापायला एक लांब टेबल आणि पाऊस आला की भिंतीकडून आत सरकवायच्या सतरंज्या, एवढा आमचा संसार. वर्गाच्या बायकांना शिवणकामाच्या डिप्लोमा परीक्षेला बसवावे असे तेव्हाच्या कार्यकारिणीने ठरवले. हात सगळ्यांचे तयार होते. भीती होती ती लेखी पेपरची. त्यात कॉलर, योक, डार्ट, टक, प्लीट असे इंग्रजी शब्द येत. ते शब्द नीट बोलता आणि लिहिता यावेत म्हणून आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर मी वर्गाला जात असे.

वर्गात एक काकू होत्या. नाव लिहीत नाही. "नाव घालू नका," असे त्यांनी मला बजावले आहे, आणि पुढे म्हणाल्या, "सगळ्यांना कळायचे ते कळेलच." काकूंचा हात असा की टेप न लावता नुसत्या बोटांच्या पेरांनी त्या निऱ्या घालीत, आणि नंतर टेप लावून पाहावे तर सुताचा फरक निघू नये. शिवणाच्या बाईसुद्धा अवघड स्कर्ट असला की म्हणत, "हा काकूंकडे द्या."

त्या दिवशी मी फळ्यावर बॉक्स प्लीटचे चित्र काढले आणि विचारले, "हिला काय म्हणतात?" काकू पहिल्यांदाच आपण होऊन बोलल्या. म्हणाल्या, "बॉक्स प्लेट."

मी हसून म्हणाले, "काकू, प्लेट म्हणजे बशी. बशी कपबशीतली. ही प्लीट. म्हणा, प्लीट."

सारा वर्ग हसला. मीही हसले. काकूही हसल्या, आणि खाली पाहून सुईत दोरा ओवू लागल्या. कुणी तरी मागून म्हणाले, "काकूंच्या स्कर्टला बश्या लावल्यात," आणि हसण्याची आणखी एक लाट आली. मी वर्ग थांबवला नाही. तो विनोद मला निरुपद्रवी वाटला.

त्यानंतर काकू माझ्या तासाला एकही इंग्रजी शब्द बोलल्या नाहीत. विचारले तर बोटाने दाखवीत, "ही, ही अशी." परीक्षेचा अर्ज भरावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी तो भरला नाही. घरी पाहुणे आहेत, असे कारण सांगितले. त्या वर्षी आमच्या वर्गाच्या सात जणींना डिप्लोमा मिळाला. त्यांतल्या चौघींना प्लीट घालायला काकूंनी शिकवले होते. सात चौकटी मंडळाच्या भिंतीवर लागल्या. आठवी लागली नाही, याचे कारण घरचे पाहुणे नव्हेत, हे मला त्याच वेळी ठाऊक होते. तरी मी गप्प बसले.

मागील वर्षी नातीच्या गणवेशाच्या स्कर्टची उसवलेली प्लीट शिवीत बसले होते. तिने सहज विचारले, "आजी, प्लीट शब्द कुठून आला?" शिक्षिकेला असा प्रश्न कुणी विचारावा आणि तिने स्वस्थ बसावे, हे घडावयाचे नाही. मी कोश काढले, नातीने संगणकावर जुन्या पुस्तकांची पाने शोधून दिली, आणि तीन-चार दुपारी आम्ही दोघी त्या एका शब्दामागे लागलो. त्या शोधात जे हाती आले ते आपणां सर्वांना आवडेल. माझी मात्र त्याने झोप उडवली.

प्रथम वस्तूची गोष्ट, कारण वस्तू शब्दाच्या पुष्कळ आधीची आहे. इजिप्तमध्ये कैरोच्या दक्षिणेस तारखान नावाचे जुने दफनस्थळ आहे. तेथे १९१३ मध्ये फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाने उत्खनन केले. त्यात मळक्या तागाच्या कापडांचे एक बोचके निघाले. ते लंडनला गेले आणि साठाहून अधिक वर्षे तसेच पडून राहिले. १९७७ मध्ये ते कापड स्वच्छ करावयास घेतले तेव्हा त्या चिंध्यांतून एक पोशाख बाहेर आला. त्याच्या बाह्यांना आणि खांद्यांच्या भागाला बारीक, एकसारख्या निऱ्या घातलेल्या आहेत. अलीकडे शास्त्रीय रीतीने त्याचे वय काढले तेव्हा तो इसवी सनापूर्वी ३४८२ ते ३१०२ या काळातला ठरला. म्हणजे आजपासून पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. कोपरांजवळ आणि काखेत वापराच्या चुण्याही आहेत. कुणीतरी तो खरोखर अंगात घालून वावरले होते. घातलेल्या निऱ्या आणि पडलेल्या चुण्या दोन्ही पाच हजार वर्षे एकाच कापडावर टिकल्या! हा पोशाख आज लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील पेट्री संग्रहालयात आहे.

आता शब्दाकडे वळू. लॅटिन भाषेत 'प्लिकारे' असे क्रियापद होते. त्याचा अर्थ घडी घालणे, दुमडणे. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये 'प्लेइत' असा शब्द झाला. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, आणि पुढे दोन-तीनशे वर्षे दरबाराची, न्यायालयाची आणि उंची कपड्यांची भाषा फ्रेंच राहिली. त्या वाटेने हा शब्द इंग्रजीत उतरला. चौदाव्या-पंधराव्या शतकांतील इंग्रजी लिखाणात तो निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेला आढळतो, कारण स्पेलिंग तेव्हा ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते. त्याच्याच दोन शाखा पुढे टिकल्या : पी-एल-ए-आय-टी असे लिहावयाचा तो 'प्लेट', आणि पी-एल-ई-ए-टी असे लिहावयाचा तो 'प्लीट'.

मूळ एकच, अर्थही दोन्हींचा एकच, कापडाची निरी. त्यांतल्या पहिल्या शब्दाला आणखी एक अर्थ होता, केसांची वेणी. वेणी आणि निरी एका शब्दात कशा बसल्या, याचे आपल्याला नवल वाटू नये. पेडावर पेड टाकणे आणि कापडावर कापड टाकणे ही हाताची एकच चाल आहे. तिपेडी वेणी घालणारी बोटे आणि निऱ्या घालणारी बोटे पाहा. अंगठा आणि तर्जनी तेच काम करीत असतात.

या कुळातल्या इतर मंडळींची ओळख करून घेतली तर आपण घरीदारी किती वेळा घड्याच घालीत असतो ते कळेल. लोकरीच्या दुकानात आपण टू-प्लाय, फोर-प्लाय मागतो. तो प्लाय म्हणजे पेड. पातळ लाकडाचे थर एकावर एक चिकटवले की प्लायवूड. 'रिप्लाय' म्हणजे मुळात उलट घडी. दुमडून परत धाडलेले. 'अप्लाय' म्हणजे एकाला एक लगटून लावणे. 'डिस्प्ले' म्हणजे घडी मोडून उलगडून दाखवणे. साडीच्या दुकानातला नोकर दिवसभर खऱ्या अर्थाने डिस्प्लेच करीत असतो. 'कॉम्प्लिकेटेड' म्हणजे एकात एक घड्या पडून गुंतलेले. 'सिंपल' म्हणजे एकपदरी. 'डुप्लिकेट' म्हणजे दुहेरी घडीचे. आणि 'मल्टिप्लाय' म्हणजे पुष्कळ घड्या, अर्थात गुणाकार.

गुणाकाराशी येऊन मी थांबले. कारण आपल्या भाषेनेही हाच विचार केला आहे, आणि तो कुणाकडून उसना घेऊन नव्हे. संस्कृतात 'गुण' म्हणजे दोरा, पेड. द्विगुण म्हणजे दोन पेडांचे, म्हणून दुप्पट. त्रिगुण म्हणजे तीन पेडांचे, म्हणून तिप्पट. या दुप्पट-तिप्पटमधला 'पट' शब्दही पाहा. पट म्हणजे वस्त्र हे आपल्याला ठाऊकच आहे. एखाद्या प्रश्नाला अनेक 'पदर' असतात असे आपण म्हणतो. कोड्याचा 'उलगडा' होतो. संसाराची 'घडी' बसते, आणि विस्कटतेही. इंग्रजीत 'प्लाइट' असा एक शब्द दुरवस्थेला आहे. तोही या निरीच्या कुळातला. त्याचा मूळ अर्थ घडी, मग बसलेली घडी म्हणजे स्थिती, आणि पुढे वाईट स्थिती. दोन दूर देशांतल्या बायकांनी कापड हाताळता हाताळता जी रूपके केली ती किती सारखी निघाली! मी 'बायकांनी' म्हणते आहे याचा पुरावा माझ्यापाशी नाही. परंतु घड्या घालण्याचे काम कोण करीत आले आहे, हे आपण सर्वजणी जाणतो.

हिशेबाची एक गंमत शिवणवर्गाच्या मुलींसाठी सांगते. एकाला एक भिडलेल्या पूर्ण प्लीट्स घालावयाच्या तर कापड किती लागते? कमरेच्या तिप्पट. चोवीस इंच कंबर असेल तर बहात्तर इंच. असे का? तर प्रत्येक निरीत कापडाचे तीन थर एकावर एक येतात : वरचा, मागे वळलेला आणि पुन्हा पुढे आलेला. इंग्रजीत तिप्पटीला 'ट्रिपल' म्हणतात. तोही शब्द 'तीन घड्या' या अर्थाचा. प्लीटचा हिशेब तिच्या गोतावळ्यातल्या शब्दातच लिहून ठेवलेला आहे.

निऱ्यांचा खरा थाट पाहावयाचा तर सोळाव्या शतकातील इंग्लंडात जावे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या चित्रांत तिच्या गळ्याभोवती चाकासारखी पसरलेली पांढरी झालर आपण पुस्तकांतून पाहिली असेल. तिला रफ म्हणत. तलम कापडाची लांब पट्टी निऱ्या घालून गोल बसवावयाची, खळीत बुडवून कडक करावयाची आणि तापवलेल्या सळईने एकेक वळण उभे करावयाचे. ही खळ करण्याची कला तेव्हा इंग्लंडात फारशी कुणाला अवगत नव्हती. १५६४ मध्ये फ्लँडर्समधून डिंघेन व्हान डेर प्लासे नावाची एक बाई नवऱ्यासह लंडनला आली आणि तिने खळ देण्याचा धंदा सुरू केला. घरंदाज बायका आपल्या मुलींना आणि नातलग मुलींना तिच्याकडे शिकावयास पाठवू लागल्या. तिची फी त्या वेळच्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे : खळ द्यावयास शिकण्याचे चार-पाच पौंड, आणि खळ शिजवावयाची कशी एवढे शिकण्याचे वीस शिलिंग. भगिनींनो, आपल्या शिवणवर्गाची फी ठरवताना कार्यकारिणीत झालेल्या चर्चा ज्यांना आठवत असतील त्यांनी या बाईला मनोमन नमस्कार करावा! सगळ्यांनाच हे रुचले असे नव्हे. फिलिप स्टब्ज नावाच्या एका कडक गृहस्थाने १५८३ मध्ये पुस्तक लिहून खळीला सैतानाचे द्रव्य ठरवले. बायकांच्या कपड्यांवर पुस्तके लिहून रागावणारे गृहस्थ कोणत्याही काळी आणि कोणत्याही देशी कमी पडत नाहीत.

याच शतकात ई-ए अक्षरांचे 'प्लीट' हे स्पेलिंग छापून येऊ लागले. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकात धाकटी मुलगी कॉर्डिलिया बहिणींच्या घडीत लपवलेल्या कपटाविषयी बोलते. तेथे १६०८ च्या छापील प्रतीत 'प्लीट'चे रूप आहे, तर १६२३ च्या संग्रहात त्याच जागी 'प्लाइट'चे रूप आहे. एकाच नाटकाच्या एकाच ओळीत दोन छापखाने दोन शब्द लावतात, इतके हे शब्द तेव्हा एकमेकांत मिसळलेले होते.

आणि उच्चार? त्या काळी ई-ए या अक्षरांचा उच्चार सर्रास 'ई' होत नसे; तो 'ए'च्या जवळचा होता. ग्रेट, ब्रेक, स्टेक या शब्दांत तो आजही तसाच उरला आहे. चहाला आज इंग्रज 'टी' म्हणतात, पण अठराव्या शतकाच्या आरंभी कवी अलेक्झांडर पोप त्याचे यमक 'ओबे' या शब्दाशी जुळवतो. म्हणजे तो चहाला 'टे' म्हणत होता. हळूहळू या शब्दांतील 'ए' घसरत घसरत 'ई' झाला. काही शब्दांत झाला, काहींत झाला नाही. त्याला नियम लावू गेलो तर हाती फारसे काही लागत नाही.

येथपर्यंत मी मजेत वाचीत होते. मग नातीने एक जुना कोश उघडून दिला. त्याचा कर्ता जॉन वॉकर. हा गृहस्थ आधी नट होता. रंगभूमी सोडल्यावर तो लोकांना शुद्ध बोलावयास शिकवू लागला. १७९१ मध्ये त्याने इंग्रजी उच्चारांचा कोश प्रसिद्ध केला. तो पुढे शंभर वर्षे पुन्हा पुन्हा छापला गेला आणि शुद्ध बोलू इच्छिणाऱ्या इंग्रजांचे ते एक प्रमाण होऊन बसले. स्कॉटलंडच्या, आयर्लंडच्या आणि खुद्द लंडनच्या लोकांनी बोलण्यातल्या आपापल्या चुका कशा टाळाव्यात, याचे नियमही त्याने आरंभी दिले आहेत. म्हणजे तोही माझ्यासारखाच. दुसऱ्यांचे उच्चार सुधारण्याचा त्याला छंद होता.

त्या कोशात मी निरीचा शब्द काढला. वॉकरने त्याचा उच्चार दिला आहे : प्लेट. बशीच्या प्लेटसारखाच, तोच स्वर. आणि खाली टीप लिहिली आहे की, या शब्दाचा 'प्लीट' असा एक भ्रष्ट उच्चार रूढ आहे, तो कटाक्षाने टाळावा.

मी ती टीप तीनदा वाचली. नातीला म्हणाले, "मोठी कर अक्षरे." तिने मोठी केली. तेच होते.

म्हणजे १७९१ साली लंडनमध्ये एखाद्या बाईने 'प्लीट' म्हटले असते तर वॉकरसाहेब तिला म्हणाले असते, "बाई, प्लीट नव्हे, म्हणा, प्लेट." आणि कदाचित त्यांचाही वर्ग हसला असता. दोनशे वर्षांनी आमच्या मागच्या खोलीत मी नेमके उलटे केले, आणि मला वाटले की मी शुद्ध भाषा शिकवते आहे.

पुढे काय झाले, तेही ऐका. सतराव्या-अठराव्या शतकांत 'प्लीट' हा शब्द छापील पुस्तकांत क्वचितच दिसतो. एकोणिसाव्या शतकात तो पुन्हा वर आला आणि आज तोच प्रमाण आहे. मधल्या काळात तो होता कुठे? कोशकार म्हणतात, तो लोकांच्या बोलण्यात होता. वॉकरची टीपच त्याची साक्ष आहे. जे कुणी बोलतच नाही ते टाळा म्हणून कोण सांगेल? पुस्तकवाले 'प्लेट' लिहीत राहिले, आणि कापड हाताळणारे 'प्लीट' म्हणत राहिले, असे मला वाटते. अखेरीस पुस्तकवाल्यांना बोलणाऱ्यांचे ऐकावे लागले. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजी शिवणकामाच्या पुस्तकांत ए-आयचे जुने स्पेलिंग भेटते. बॉक्स प्लीटलाही ते तसेच लावलेले दिसते. आज इंग्लंडात त्या जुन्या शब्दाचा अर्थ उरला आहे तो केसांच्या वेणीचा, आणि उच्चार झाला आहे 'प्लॅट'. अमेरिकेत मात्र त्याचा 'प्लेट' असा उच्चार अजूनही ऐकू येतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काकूंची 'प्लेट' काही वॉकरच्या कोशातून आलेली नव्हती. आपल्याकडचे शिंपी आणि शिवणाऱ्या बायका पूर्वीपासून सर्रास 'प्लेट घालणे' म्हणतात, त्यांच्याच तोंडून ती काकूंनी उचलली होती. आणि आजच्या परीक्षेत 'प्लीट' लिहिणेच योग्य आहे, हेही खरे. माझी चूक शब्द दुरुस्त करण्यात नव्हती. ती चूक हसण्यात होती. जो उच्चार एका शतकात शुद्ध तो दुसऱ्यात भ्रष्ट, आणि भ्रष्ट तो शुद्ध. अशा निसरड्या गोष्टीच्या बळावर मी एका कसबी बाईला गप्प केले. शिक्षिकेने शब्द सांगावा, अवश्य सांगावा. परंतु तो माणसापेक्षा मोठा करू नये. हे मला इंग्रजीच्या पदवीने शिकवले नाही, एका निरीने शिकवले.

या साऱ्यात सर्वांत जास्त मला लागले ते वेगळेच. 'डिप्लोमा' हा शब्द मी त्याच दुपारी सहज पाहिला. तो ग्रीक भाषेतला. त्याचा मूळ अर्थ दुमडलेला कागद, घडी घातलेले पत्र. तोही या घड्यांच्याच दूरच्या गोतातला. आमच्या वर्गात जिच्या हातची घडी सर्वांत सरळ, तिलाच तो घडीचा कागद मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. त्यांचे वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. दृष्टी मंदावली आहे. सुई आता त्या हातात धरीत नाहीत. ओसरीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत होत्या. मी जवळ बसून त्यांना सगळी गोष्ट सांगितली. इजिप्तच्या पोशाखाची सांगितली, खळीवाल्या बाईची सांगितली, वॉकरच्या टीपेची सांगितली. मग म्हणाले, "काकू, त्या दिवशी मी हसले, ते चुकले. तुम्ही परीक्षेला बसला नाहीत ते माझ्यामुळे."

काकू काही वेळ बोलल्या नाहीत. हातातल्या चादरीची टोके जुळवीत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, तो इंग्रज माझ्या बाजूचा निघाला, बरे झाले. पण मला एक सांगा. मी त्या दिवशी 'निरी' म्हणाले असते, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मी म्हणाले, "बरोबर म्हणाले असते."

"आणि पेपरात 'निरी' लिहिले असते तर?"

यावर मला उत्तर देता आले नाही. पेपर तपासणाऱ्याने मार्क दिले असते की नाही, कोण जाणे. पण फळ्यावर चित्र काढून "हिला काय म्हणतात?" असे मी विचारले, तेव्हा उत्तर इंग्रजीतच यावे हे मी गृहीत धरले होते. आठ बायकांना निरी ठाऊक होती. ज्या वयात मुली परकराला गाठ मारावयास शिकतात त्या वयापासून ठाऊक होती. तो शब्द माझ्या फळ्यावर कधी आलाच नाही.

काकूंनी चादरीचे एक टोक माझ्या हातात दिले. आम्ही दोघींनी ती ताणून घडी घातली. "उभा धागा सरळ धरा," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून तिरका जातोय." मी सरळ धरला.

या स्मरणिकेच्या निमित्ताने कार्यकारिणीपुढे माझ्या दोन सूचना आहेत. शिवणवर्गाच्या फळ्यावर यापुढे प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या आधी आपला शब्द लिहिला जावा : निरी आणि मग प्लीट, चीण आणि मग टक, गळपट्टी आणि मग कॉलर. ज्या शब्दाला आपल्याकडे शब्द नसेल तेथे नुसता इंग्रजी लिहावा, त्यात कमीपणा नाही. दुसरी सूचना अशी की, भिंतीवरच्या सात चौकटींशेजारी एक आठवी चौकट लावावी. तिच्यात कागद नको. नातीच्या स्कर्टसाठी काकूंनी एकदा नमुना म्हणून घालून दिलेल्या निऱ्यांचा एक वीतभर तुकडा माझ्या पेटीत आहे; त्यावर टाचा अजून तशाच आहेत. तो लावावा. खाली नाव लिहू नये, असे काकूंचे म्हणणे आहे. तेही मान्य.

वर्धापनदिनाला काकू येणार आहेत. पहिल्या रांगेत बसतील. त्यांना भेटाल तेव्हा निऱ्या कशा घालाव्यात ते अवश्य विचारा. त्याला काय म्हणतात, ते मात्र विचारू नका.